पडद्यावरचा धबधबा

ताईच्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र साधंच होतं. ‘तुझ्या स्टुडिओतल्या पडद्यावरचा धबधबा पुष्कळ पाहिला. साऱ्या गावाला त्याच्यापुढे उभं केलंस. आता एकदा खऱ्या धबधब्यापाशी जा आणि तुझा स्वतःचा फोटो पाठव. माझ्याकडे तुझा एकही नाही. माझे डोळे अधू होत चाललेत. दिसतंय तोवर पाठव.’

फोटोग्राफरला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की घाम फुटे. पत्र या खिशातून त्या खिशात फिरत राहिलं. शेवटी बायकोनेच बसची तिकिटं काढली.

आता धबधबा समोर होता. डोंगरमाथ्यावरून पाण्याचा लोट असा कोसळत होता, की हात ठेवलेला कठडाही थरथरत होता. त्याने लेन्स पुसली, डोळा लावला आणि सवयीने म्हणाला, “हलू नका.”

“ऐकलं का हो त्याने?” बायकोने विचारलं.

तो ओशाळला, पण फोटो काढत सुटला. कठड्यावरून, वाकून, खडकावर चढून. स्वतः उभं राहण्याचं मात्र नाव काढेना. आधी ऊन नव्हतं, मग ऊन फार झालं, मग लोक मध्ये आले. बायको डोक्यावरून पदर घेऊन बसून होती. शेवटी सुटका झाल्यासारख्या आवाजात त्याने जाहीर केलं, की रोल संपत आलाय, एकच फोटो उरलाय. या वयात आपला चेहरा काय पाहायचा, ताईला धबधबाच पाठवू.

“त्यांनी धबधबा मागितलाय का?” तिने त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला.

तो कठड्याला पाठ लावून उभा राहिला. जन्मभर दुसऱ्यांचे हात नीट ठेवून दिले, स्वतःचे कुठे ठेवावेत ते कळेना. मान ताठ झाली, ओठ मिटले. तेव्हा तिने, रोज गिऱ्हाइकांना ऐकवलं जाणारं त्याचंच वाक्य, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून त्याला ऐकवलं.

“साहेब, इंजेक्शन नाही, फोटो आहे!”

आजूबाजूचे लोक वळून हसले. त्याच वेळी वारा फिरला आणि तुषारांचा सपकारा त्याच्या तोंडावर आला. तिने बटण दाबलं.

फोटो धुऊन झाले. धबधब्याचे सगळे फोटो रेखीव, स्वच्छ, अगदी स्टुडिओतल्या पडद्यासारखे आले होते. शेवटच्यात धबधबा नव्हताच. तिने इतक्या जवळून काढला होता, की कागदभर नुसता चेहरा: ओथंबलेला, चष्म्यावर थेंब, कवळीसकट हसणारा. किंचित हललेलाही. गिऱ्हाइकाचा असता तर त्याने फुकट पुन्हा काढून दिला असता.

त्याने तो दोनदा बाजूला ठेवला, दोनदा उचलला. मग पाठीवर लिहिलं, ‘ताई, माझ्या मागे धबधबा आहे. शपथेवर सांगतो.’

टपालपेटीच्या तोंडाशी त्याचा हात अडला. पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर.

“साहेब,” बायको मागून हळूच म्हणाली.

त्याने पाकीट सोडलं.