शेवटचे दोन किलो

"मावशी, कोट काढा ना. त्याचंही वजन धरलं जातं."

"राहू दे गं. थंडी वाजते हल्ली. अंगावर चरबी उरलीय कुठे?"

काट्याकडे बघून नर्सने कपाळाला हात लावला. "गेल्या खेपेइतकंच! एवढं सगळं उतरवलंत आणि शेवटच्या दोन किलोंवर अडून बसलात. हे गेले की पोटाची लोंबणारी कातडी काढायची तारीख मिळालीच समजा. गोड खाताय ना चोरून?"

"जीभ ऐकत नाही बाई, काय करू."

"आणि ऑपरेशननंतर घरी कोण थांबणार, ते ठरलं का? आठवडाभर कंबरेत वाकून चालावं लागेल. जवळ माणूस असल्याशिवाय डॉक्टर हात लावायचे नाहीत."

"अगं, भाच्या भांडतायत माझ्यावरून. ही म्हणते मी थांबणार, ती म्हणते मी. आधी वजन तर उतरू दे!"

नर्स हसली. मावशीही हसल्या.

दुकानात परतल्यावर त्यांनी दाराबाहेर कुणी नाही ना, ते पाहिलं. मग कोटाच्या दोन्ही खिशांतून एकेक किलोचं लोखंडी वजन काढलं, पदराने पुसलं आणि तराजूशेजारी जागच्या जागी ठेवलं. इतकी वर्षं दुकान चालवलं, पण मापात त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला नर्सने भाच्यांची नावं विचारली तर काय सांगायचं, याचा विचार करत त्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसल्या.