हात दिसायला हवेत

"कॅमेरा बघा ना ताई, या किमतीत असा कॅमेरा कुणी देत नाही," दुकानदार म्हणाला. बॅटरीबद्दलही त्याने हेच सांगितलं होतं, आणि त्याआधी फोनबरोबर फुकट मिळणाऱ्या कव्हरबद्दलही.

त्याच्या तोंडाचा पट्टा मुलीने मध्येच थांबवला. "फोटोचं जाऊ द्या. व्हिडिओ कॉलवर हलणारा हात नीट दिसतो का, तेवढं सांगा."

"हात?"

"माझ्या आईला ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो."

दुकानदाराने शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे आत्ता कुठे नीट पाहिलं. आई शिवणकाम करायची. मापाचे आकडे तिला येत, पण लिहिण्यावाचण्याशी तिचं कधी जमलं नाही. मुलगी संध्याकाळच्या गाडीने दूरच्या शहरात नोकरीला निघणार होती. मग घरात आईशी बोलायला हा फोन तेवढा उरणार होता.

मुलीने काउंटरवरच नव्या फोनवरून आपल्या फोनवर कॉल लावून पाहिला. चित्र अडखळत पुढे सरकत होतं. मुलीच्या फोनमध्ये आईने स्वतःचे हात पाहिले, तर बोटं एकमेकांत मिसळून नुसता पुसट पट्टा झालेला.

"दोन फोन इतके जवळ असले की असंच होतं," दुकानदाराने बेधडक ठोकून दिलं. "लांब जाऊन लावा, काचेसारखं दिसेल."

आईने मुलीचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं. "चालेल हाच," तिचे हात म्हणाले. "महागाचा कशाला?"

मुलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. स्वस्तातली वस्तू आईला नेहमीच पसंत पडायची. टाचेला चावणारे बूटसुद्धा तिला मऊ लागायचे. आणि महागाचा फोन घ्यायचा, तर नव्या खोलीच्या भाड्यासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागणार होता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"मी रस्त्यापलीकडे जाऊन बोलते," मुलीने खुणेने सांगितलं. "तू फक्त फोनमध्ये बघायचं. मान वर केलीस तर लबाडी."

"परीक्षा घेतेस का माझी?"

"हो."

काउंटर थेट फुटपाथवर उघडत होता. मुलगी रस्ता ओलांडून समोर गेली, तरी आई तिला तिथून स्वच्छ दिसत होती. आई मान खाली घालून शहाण्यासारखी उभी होती. मुलीने एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर आपला फोन टेकवून ठेवला आणि दोन्ही हात मोकळे केले. आई निम्मं बोलणं चेहऱ्यावरूनच ओळखायची. म्हणून तोंड हसरं ठेवायचं आणि हातांनी काहीतरी भलतंच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पाण्याची टाकी फुटली, घराच्या चाव्या हरवल्या, असलं काहीतरी.

कॉल लागला. ती हसली, तिने हात उचलले. पण टाकी आणि चाव्या राहिल्या बाजूला. कितीतरी दिवस पोटात दाबून ठेवलेलं हातांवाटे बाहेर पडलं.

"आई, मला जायचं नाही. मला भीती वाटते."

आई डोळे बारीक करून फोनमध्ये बघत राहिली. मुलीला वाटलं, आता कळेल, आता ती मान वर करेल.

आई प्रसन्न हसली. तिने अंगठा वर केला. पुढे हातही फिरवले, पण मुलीच्या फोनमध्ये ते नीट उमटलेच नाहीत. तेव्हा मुलीने डोळ्यांनीच रस्त्यापलीकडचे हात वाचले. "छान. सगळं स्वच्छ दिसतंय. हाच घे." दुकानदारानेही मागून डोकावून आपला अंगठा दाखवला.

मुलीला आईचा संताप आला. हे असंच चालणार होतं. तिकडे ती तापाने फणफणली, एकटी रडत बसली, तरी आई इकडून अंगठा दाखवणार आणि आपल्याला काही दिसलं नाही हे कबूल करणार नाही.

तिने कॉल कापला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. स्क्रीन काळी झाल्यावर आईने मान वर केली. मध्ये गाड्यांची रीघ लागली होती. चेहऱ्यावरचं हसू बाजूला ठेवून मुलीने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, मोठ्या खुणांनी.

"मला जायचं नाही. मला भीती वाटते."

तेवढ्यात एक बस आडवी आली आणि सिग्नलला थांबली. बसमागे आईचं काय चाललंय ते दिसेना. आपण बोलून बसलो याचा मुलीला पश्चात्ताप झाला. धावत पलीकडे जावं, गंमत केली म्हणून सांगावं, असंही वाटून गेलं. पण मध्ये बस उभी होती.

बस हलली. दुकानदार फोनचा डबा पुढे करून आईला काहीतरी विचारत होता. तिने तो डबा कोपराने बाजूला सारला आणि ती फुटपाथच्या कडेपर्यंत आली. तिथे उभं राहून तिने हात वर केले.

"मलाही वाटते," आई म्हणाली. "या फोनमध्ये माझे हात थरथरताना दिसत नाहीत. म्हणून हाच घे म्हणत होते."