गच्चीवरच्या मुंगवड्या

सकाळी गच्चीवर मुंगवड्या वाळत घालून माझी बायको जयवंता खाली आली आणि चक्कर येऊन पडली. दुपारी अमरावतीच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला, "बाबा, आई गेली."

तिसऱ्या दिवशी माझी मोठी बहीण दुर्गाबाई सूप घेऊन गच्चीकडे निघाली. म्हणाली, "सुतकातलं वाळवण घरात ठेवत नाही. फेकून द्या लागते."

"कावून फेकतं? तिनं जित्तेपणी घातल्या त्या! सुतक तुह्या तोंडाले लागलं. ठेव ते सूप खाली!" मी ओरडलो.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सगळ्यांच्या देखत मी वर गेलो, वड्या गोळा केल्या आणि डब्यात भरल्या. दुर्गाबाई तेरवीलाही थांबली नाही. जाऊ दे.

तेरवी झाल्यावर सून वर्षाली पुन्हा ड्युटीवर जाऊ लागली. पहिल्याच संध्याकाळी घामाघूम होऊन आली, पर्स खुंटीला अडकवली आणि तो डबा खाली काढला.

"मामाजी, भाजी महाग झाली. आज या भिजत घालू काय? या घालताना आई म्हणे, घाईच्या दिवशी वड्या भिजवल्या की अर्ध्या तासात सगळ्याइचं जेवण होते."

"हात लावून त पाह्य त्या डब्याले!"

तिने डबा जागेवर ठेवला.

"मंग वाचवल्या काहाले, मामाजी?"

मी आणखी ओरडलो.

वर्षाली रोज थकून येते आणि आलू चिरायला बसते. वड्या अजून भिजत घालायच्या आहेत.