अकरा सेकंद

सिद्रामने भोंग्याची साखळी हातात घेतली. साम्राज्य मोडून कामगारांचं संघराज्य झालं, त्याला आज वर्ष झालं होतं. पूर्वी लंडनच्या वेळेवर सोलापूरच्या गिरणीचा भोंगा वाजायचा. आज त्याच्या भोंग्यावर लंडन, नैरोबी, रंगूनची घड्याळं लागणार होती. शेजारी रेडिओचा माईक सुरू होता.

दहा वाजले. तेवढ्यात गिरणीतली कामगार अंबव्वा फाटकाकडे धावत येताना दिसली. गिरणी साहेबाची होती तेव्हा भोंगा होताच फाटक बंद व्हायचं, म्हणून धावणारं कोणी दिसलं की सिद्राम गुपचूप थांबायचा. सवयीने हात आजही थांबला. ती आत आल्यावरच त्याने साखळी ओढली.

“अकरा सेकंद उशीर. काय केलास बे?” युनियनचा सेक्रेटरी म्हणाला. “गेला आता सोलापूरचा मान.”

“फाटक उघडंच असतंय की आता,” अंबव्वा धापा टाकत म्हणाली. “थांबलास कशाला?”

सिद्रामला मान वर करवेना.

दुपारी लंडनहून तार आली. सेक्रेटरीने ती मोठ्याने वाचली : ‘भोंगा ऐकला. आमची सगळीच घड्याळं अकरा सेकंद पुढे निघाली. मागे घेतली.’

मग सेक्रेटरीने मुकाट्याने स्वतःचंही घड्याळ मागे घेतलं.