शेवटची खुर्ची

वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये संगीत खुर्चीचा डाव मांडला, तेव्हा शिंपीणबाई आपल्या चाकांच्या खुर्चीतून म्हणाल्या, "मलाही घ्या."

"तुम्ही कशाला धडपडता? तुम्ही तर खुर्ची घेऊनच आलाय," ड्रायव्हरकाकांनी टोला हाणला आणि सगळा हॉल खो खो हसला. शिंपीणबाई हसल्या नाहीत. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी समजूत काढायला टेबलावरच्या टेपरेकॉर्डरचं काम त्यांच्याकडे दिलं. पडल्यापासून बाईंनी जमिनीला पाय टेकवला नव्हता. ताई रोज सकाळी उभं राहायची गळ घालायच्या आणि रोज एकच उत्तर मिळायचं, "मी काही उठत नाही."

डाव रंगला. काठ्या टेकत, वॉकर सरकवत एकेक गडी बाद झाला आणि टेबलापासून चार पावलांवर एकच खुर्ची उरली. तिच्याभोवती ड्रायव्हरकाका आणि पोस्टातल्या बाई फिरत राहिले. गाणं काही थांबेना. दोघांना धाप लागली, तरी थांबेना. काका वैतागून वळून बघतात, तर टेपरेकॉर्डरजवळ चाकांची खुर्ची रिकामी. आधी टेबलाला धरून, मग काहीच न धरता शिंपीणबाई आल्या आणि मधल्या खुर्चीत बसल्या.

"अहो, गाणं अजून चालू आहे," काका पुटपुटले. "ही चक्क लबाडी झाली."

"मग जा आणि बंद करा," शिंपीणबाई चष्मा सारखा करत म्हणाल्या. "मी काही उठत नाही."