घट्ट माल

बस डेपोत लावून सूनबाई घरी आली, तर बबडीचं कण्हणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. नुकतंच वरचं खाणं सुरू झालेलं एवढंसं पोर ते. कुंथून कुंथून दमायचं, रडायचं, पुन्हा कुंथायचं. पोट काही साफ होत नव्हतं.

सासूबाई एरंडेलाची बाटली मांडीत घेऊन बसल्या होत्या.

"आलीस? बघ लेकराची काय दशा झालीये. आई दिवसभर बस फिरवणार, पोराने करायचं काय?"

"आई, ती बाटली आधी खाली ठेवा. डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरला काय जातंय म्हणायला!"

"वरचं खाणं तू जरा उशिराच सुरू करायचं होतंस," नवऱ्याने आतल्या खोलीतून आवाज दिला. घ्या! महिन्याभरापूर्वी हाच गृहस्थ अजून का सुरू केलं नाहीस म्हणून तिचं डोकं खात होता. सूनबाई हात धुवायला स्वयंपाकघरात गेली.

बबडीची वाटी ओट्यावर होती. सकाळी निघताना तिने नासपती शिजवून, घोटून, चमच्यावरून सहज ओघळेल इतकी पातळ करून ठेवली होती. आता वाटीत चमचा ताठ उभा होता. टेकायला काही नाही, धरायला कोणी नाही, तरी उभा. तिने वाटी उलटी केली. थेंबसुद्धा पडला नाही.

वाटी तशीच उलटी धरून ती बाहेर आली.

"हे कोणी केलं?"

सासरे खुर्चीत सावरून बसले. उभा जन्म गवंडीकामात, सिमेंट-वाळूचा माल कालवण्यात गेलेला माणूस. चेहऱ्यावर लाज नाही, उलट अभिमानच.

"मी. तू करून जातेस ते नुसतं पाणी गं. मी त्यात तांदळाचं पीठ शिजवून घालतो, कच्चं केळं कुस्करून घालतो, मग कुठे हाताला काही लागतं. पातळ माल भिंतीला धरतो का कधी?"

"बाबा, तिच्या पोटात भिंत बांधायचीये का? तिला खाली उतरवायचंय ते!"

"ओरडतेस काय?"

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून. तू दाराबाहेर पडलीस की कालवायला घेतो."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस तिने काय काय ऐकून घेतलं होतं. अंगावरचं दूध मानवत नाही, हे ऐकलं. बाई माणसाने बस कशाला चालवावी, हे ऐकलं. स्वतःच्या ताटातलं तिखट बंद केलं, तेलकट बंद केलं. सिग्नलला बस उभी राहिली की पोराचं कण्हणं आठवून तिचे डोळे भरून यायचे, आणि मागून गाड्या कोकलायच्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

सासूबाई बाटलीचं झाकण निरखायला लागल्या. "मला वाटलं, अंगाला लागेल पोरीच्या."

"आणि बोलणी मात्र मला!"

"अगं, प्रेमाने केलं त्यांनी," नवरा आता दारात येऊन उभा होता.

"मग प्रेम जरा पातळ करा की!"

तिने जमिनीवर दुपटं अंथरलं, बबडीला उताणं निजवलं, लंगोट सोडला. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पोटावर ठेवलं. मग बेंबीभोवती हलक्या हाताने गोल गोल चोळलं, दोन्ही पाय धरून सायकल चालवल्यासारखे फिरवले. "हो गं माझी बाई, होईल हं आता," असं पोरीला, आणि मान वर न करता, "अक्कल गहाण टाकलीये सगळ्यांनी," असं बाकीच्यांना. बराच वेळ ती फिरवतच राहिली. एकदा बबडी जोरात किंचाळली. खड्यासारखं टणक काहीतरी बाहेर आलं, आणि त्याच्यामागून सगळं चिकट, काळपट, दुपटंभर.

बबडीने एक मोठा श्वास सोडला, आईकडे पाहिलं आणि खुदकन हसली.

घरात एकदम जीव आला.

"सकाळी मी पोटाला तेल चोळलं होतं ना, त्याचाच गुण हा," सासूबाई म्हणाल्या.

"काल संध्याकाळी खांद्यावर घेऊन इतकं फिरवलं मी तिला. हलतंच त्याने," नवरा म्हणाला.

"पोटात भक्कम काही गेलं होतं, म्हणून तर एवढं आलं!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

सूनबाईने बबडीला स्वच्छ केलं, कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि कडेवर घेतलं. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"ज्याच्या गुणाने झालं, त्याने दुपटं धुवायचं," ती म्हणाली. "मी जेवायला बसतेय."

"छे गं, माझं तेल ते कितीसं," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. नवऱ्याला एक फोन करायचा होता, तो आता आठवला. सासऱ्यांना मात्र माघार घेता येईना. थाप मारून बसले होते. दुपट्याचं एक टोक चिमटीत धरून ते मोरीकडे गेले.

नळ सुटला. साबण लागला, ब्रश लागला. पाणी वाहत राहिलं, आणि घासण्याचा आवाज काही थांबेना. सूनबाई बबडीला मांडीवर घेऊन शांतपणे जेवत होती.

"अगं, निघतच नाहीये हे!" मोरीतून सासरे कळवळून म्हणाले. "कापडाला घट्ट धरलंय!"

सूनबाईने घास गिळला.

"धरणारच, बाबा. माल तुम्ही कालवलाय."