राणीच्या येरझारा

"काव्यातली राणी मागावर बसलेली आहे," म्हातारे परीक्षक म्हणाले. "तीनशे वर्षं सगळे भाषांतरकार तेच सांगत आलेत. तुम्ही प्रबंधात तिला उभी कशी केलीत?"

त्यातलं शेवटचं भाषांतर सरांचं स्वतःचंच. म्हणजे झालं की नाही कल्याण!

समोर विणकरीण उभी होती, वय वर्षं सत्तेचाळीस. सकाळी माग, संध्याकाळी प्राचीन ग्रीक, असं सहा वर्षं करून तिने प्रबंध लिहिला होता. आता या तोंडी परीक्षेत डॉक्टरेट एवढ्या एका उत्तरावर अडली होती. मागच्या बाकावर सासूबाई. सुनेला विणायला त्यांनीच शिकवलेलं.

"सर, मूळ ग्रीक काव्यात ती येरझारा घालत विणते. कुणा भाषांतरकाराने तिला खुर्चीत बसवलं, मग चित्रकारांनी, नाटकवाल्यांनी, सगळ्या पश्चिमेने बसवूनच ठेवलं. पण तो माग उभा होता. त्यावर बसून विणता येत नाही."

"पुरावा?"

"अगं, दाखव की त्यांना!" मागून सासूबाई.

तिने पिशवीतून सुताचा गुंडा काढला. खिडकीवरच्या पडद्याच्या लांबलचक दांडीला धागे बांधून खाली सोडले. धागे ताणलेले राहावेत म्हणून त्या काळी खाली दगड टांगत. तिने किल्ल्यांचे जुडगे, चहाचे कप, जे हाताला लागेल ते टांगलं. परीक्षा समितीचे अध्यक्ष आ वासून बघत राहिले.

"हा आडवा धागा घ्या, सर. एकाआड एक ओवत त्या टोकाला न्या. खुर्ची घ्या हवी तर."

सरांनी ऐटीत खुर्ची ओढली. पाच धागे झाले, सहा झाले. सातव्याला हात पुरेना. वाकले, आणखी वाकले, आणि शेवटी उठलेच. चालत पलीकडे पोचले. तिथून परत इकडे. पुन्हा पलीकडे. कपाळावरची आठी कधी गेली, त्यांनाही कळलं नाही.

"फार ओढू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "हां, आता कसं!"

विणकरणीचे डोळे भरून आले. जिंकले मी, तिला वाटलं. अगदी मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "सर, निकालावर फक्त तुमची सही राहिलीय. या, बसा."

"कागद इकडे आणा," सर मान न वळवता म्हणाले. "धागा सोडला तर सगळं सैल पडेल."